पंख्याची तक्रार ऐकणाऱ्या विमलताई

विमलताई कुठलंही यंत्र आधी उघडत नसत. आधी त्याच्याजवळ बसत. वसईत माणिकपूरला रिक्षा स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, दोन स्टुलं आणि वर पत्रा. कोणी मिक्सर आणून ठेवला की त्या तो चालू करत, डोळे मिटत आणि मान थोडी कलती करून ऐकत राहत. गिऱ्हाइकाने घाई केली तर म्हणत, "थांबा हो. त्याचं म्हननं तरी पुरं होऊ द्या."

त्या मूळच्या वसई पूर्वेच्या, भातशेतीच्या गावातल्या. वीस वर्षं एका कारखान्यात आधी रेडिओ आणि मग टीव्ही जोडत होत्या. नव्वदच्या दशकात कारखाना बंद पडला, तेव्हा बरोबरच्या बायका घरी बसल्या. विमलताईंनी मात्र गल्लीत टेबल मांडलं. पहिले काही महिने लोक टेबलापाशी येऊन विचारत, "दुरुस्तीवाला कुठे गेलाय?" त्या शांतपणे सांगत, "दुरुस्तीवाली इथेच हाय. काय बिघडलंय?"

माझी त्यांची ओळख मिक्सरमुळेच झाली, पण त्या खऱ्या अर्थाने कळल्या त्या आमच्या शाळेच्या लॅपटॉपमुळे. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. मी माणिकपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला एक वापरलेला लॅपटॉप दिला होता आणि तो माझ्या ताब्यात होता. नववीतल्या तीन मुलींचं सगळं काम त्यात होतं. तिघी जवळच्या निर्मळ गावच्या. केळीच्या वाड्यांमधल्या विहिरींचं पाणी खारट होत चाललंय, केळीच्या पानांच्या कडा करपतायत, हे त्यांनी घरी ऐकलं होतं. कोणी म्हणे खरं, कोणी म्हणे मनाचे खेळ. म्हणून या मुली दर रविवारी सायकलींवरून नऊ विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणत, शाळेत आटवत आणि खाली राहिलेलं मीठ तराजूवर तोलत. सात महिन्यांचे आकडे, आलेख, विहिरींचे फोटो. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात हे मोठ्या पडद्यावर दाखवायचं होतं आणि शेतकी खात्याचे अधिकारीही यायचे होते.

प्रदर्शनाला पाच दिवस राहिले आणि लॅपटॉपचा पंखा सुरू झाला तो थांबेचना. आधी नुसती घरघर. मग दहा मिनिटं झाली की मशीन तापून आपोआप बंद. बाजारातल्या एका कॉम्प्युटरवाल्याने दोन मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, "मॅडम, बोर्ड गेला. नवीन घ्या." हेडसरांनी निर्णयच देऊन टाकला, "त्या मुलींना पुढच्या वर्षी पाठवू. या वेळी सौर चुलीचं मॉडेल जाऊ दे." हे मुलींना सांगितलं तेव्हा प्राजक्ता, त्यांच्यातली थोरली, एवढंच म्हणाली, "टीचर, पुढच्या वर्षीपर्यंत विहिरी थांबतील का?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी लॅपटॉप घेऊन विमलताईंकडे गेले. खरं सांगते, विश्वासाने नाही, दुसरं कोणी सुचेना म्हणून गेले. त्यांनी लॅपटॉप पहिल्यांदाच हातात घेतला होता. मी म्हटलं, "ताई, बाजारात म्हणाले बोर्ड गेला. निदान पंखा बदलून मिळेल का?"

"पंखा कशाला बदलायचा?" त्यांनी यंत्राच्या कडेला तळवा धरला. "पंखा चोर नाय, टीचर. पंखा ओरडून सांगतोय, घरात चोर शिरलाय म्हनून. ओरडनाऱ्याचंच तोंड बंद करायचं का?"

मग चौकशी सुरू झाली. पहिल्यांदा कधी ऐकलंत? टेबलावर असताना की मांडीवर? काम करताना की नुसता चालू असतानाही? मला अर्ध्या प्रश्नांची उत्तरं येईनात. त्यांनी मला घरी पाठवलं. "उद्यापर्यंत लिहून आना. पंखा कधी सुरू झाला, कधी थांबला, तेव्हा तुम्ही काय करत होता." चार दिवस उरलेले आणि ही बाई मला गृहपाठ देते! पण फुलपाड्याच्या माझ्या घरी संध्याकाळभर मी वही घेऊन बसले. काही न करतासुद्धा पंखा थांबत नव्हता, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं.

ती वही त्यांनी दोनदा वाचली. मग एका कागदावर लॅपटॉपची पाठ रेखाटली आणि काढलेला प्रत्येक स्क्रू त्या कागदावर ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवला. आत तांब्याच्या पट्टीच्या टोकाला बारीक जाळी होती आणि पंखा व जाळी यांच्यामध्ये धुळीची घट्ट गादी बसली होती. पंखा जीव तोडून फिरत होता, पण हवा बाहेर जायला वाटच नव्हती. विमलताईंनी पात्यांत आगकाडी अडकवली, पंखा उगाच गरगरू नये म्हणून, आणि रंगाच्या ब्रशने ती धूळ अख्खी उचलून माझ्या तळहातावर ठेवली. "घ्या. हा तुमचा गेलेला बोर्ड."

आम्ही हसलो. लॅपटॉप जोडला, चालू केला. आता तो बंद पडेना, पण पंखा अजून फार फिरत होता. माझा चेहरा उतरला. विमलताई मात्र खूश. "कमी झाला ना? म्हनजे चोर एकटा नव्हता. एका वेळी एकच धरायचा. सगळे एकदम धरायला गेलं तर कोन कुठला ते कळत नाय."

तिसऱ्या दिवशी त्यांनी तांब्याची पट्टी उचलली. खालची पेस्ट वाळून खपली झाली होती. ती पाहताच त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या, "अगं बाई, ही तर आमचीच!" टीव्हीतल्या मोठ्या ट्रान्झिस्टरखाली त्या कारखान्यात वर्षानुवर्षं हीच पांढरी पेस्ट लावत होत्या, उष्णता पट्टीकडे जावी म्हणून. डब्यातून मोहरीएवढी घेतली आणि लावली. आवाज आणखी उतरला. तरी मधूनच पंखा उसळी मारायचा.

"आता माझ्या हातातलं संपलं," त्या म्हणाल्या. "आता तुमच्या हातातलं. हा काही काम करत नसताना कोन काम करतंय आतमध्ये?"

मी तीन कळा दाबून चालू असलेल्या प्रोग्रामची यादी उघडली. व्हायरस शोधणारे दोन प्रोग्राम होते. एक आधीपासूनचा, दुसरा मीच कोणाच्या तरी सांगण्यावरून टाकलेला. दोघे दिवसभर एकमेकांच्या फायली तपासत बसले होते. विमलताईंनी चष्मा वर केला. "एका दारावर दोन वॉचमन ठेवले तुम्ही. ते भांडनारच." मी एक काढून टाकला. थोड्या वेळाने पंखा मंद झाला आणि मग थांबला. गल्लीतल्या रिक्षांचे हॉर्न एकदम मोठे ऐकू यायला लागले.

हेडसरांना मी लॅपटॉप तासभर चालवून दाखवला. ते म्हणाले, "तिथे बंद पडला तर शाळेचं हसं होईल." मी म्हटलं, "दुरुस्त करणारीला बरोबर नेते." तेव्हा कुठे त्यांनी सौर चुलीऐवजी मुलींचं नाव पाठवलं.

प्रदर्शनाच्या सभागृहात उकाडा मरणाचा. विमलताई इस्त्रीची साडी नेसून, पिशवीत स्क्रू ड्रायव्हर घेऊन मागच्या भिंतीपाशी उभ्या. मुलींनी पहिल्यांदा दाखवलं तेव्हा समोर दहा जण होते. चौथ्यांदा दाखवलं तेव्हा उभं राहायला जागा नव्हती. निर्मळचे वाडीवाले आले होते, प्राजक्ताचे वडीलही. शेतकी खात्याच्या अधिकाऱ्यांनी नववी विहीर पुन्हा दाखवायला सांगितली, मग सगळ्याच पुन्हा दाखवायला सांगितल्या. आकडे उतरवून घेतले आणि म्हणाले, "आम्ही पुढच्या आठवड्यात येतो. या मुली बरोबर असू देत." पहिला क्रमांक त्यानंतर जाहीर झाला, पण मुलींनी उड्या मारल्या त्या आधीच मारल्या होत्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लॅपटॉप एकदाही बंद पडला नाही. विमलताईंनी गर्दीतून येऊन त्याच्या कडेला तळवा धरला आणि म्हणाल्या, "कोमट. बास."

त्यानंतर गल्लीत लॅपटॉप येऊ लागले, अगदी विरारहूनसुद्धा. विमलताई आता नाहीत. गेल्या तेव्हा त्यांच्या दारात मिक्सरवाल्या बायका होत्या आणि कंपन्यांत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या आमच्या विद्यार्थिनीही होत्या. कारण पुढची नऊ वर्षं शाळेची कॉम्प्युटरची खोली विमलताईंनीच सांभाळली.

त्यांना कामावर घेण्याचा विषय हेडसरांनीच काढला होता. कार्यालयात रजिस्टर उघडून त्यांनी विचारलं, "शिक्षण?"

"सातवी." विमलताईंचा आवाज बारीक झाला.

हेडसरांनी सातवी लिहिलं. पुढचा रकाना पदाचा होता. तिथे त्यांनी पेन टेकवलं, जरा थांबले आणि लिहून रजिस्टर त्यांच्याकडे सही करायला फिरवलं. विमलताईंनी त्या शब्दाखाली बोट धरलं. कारखान्याच्या हजेरीपटावर वीस वर्षं त्यांच्या नावापुढे 'मदतनीस' लिहिलेलं असायचं, हे मला त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. इथे लिहिलं होतं, 'तंत्रज्ञ'.

त्यांनी तो शब्द मनात वाचला. मग मोठ्याने वाचला, त्यातलं एकही अक्षर न गाळता. आणि हेडसरांना म्हणाल्या, "पेन द्या."