खिडकीतला शंकासूर

माझी आत्या इव्हाडनी चोविसाव्या वर्षी बार्बाडोस सोडून लंडनला गेली, एका इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. जाताना तिने हातरुमालात शंकासुराच्या बिया बांधून घेतल्या. आमच्या लाकडी घराभोवती शंकासुराचंच कुंपण होतं आणि त्याची छाटणी तिच्याकडे असायची. काट्यांनी मनगटं ओरबाडलेली, पण दुसऱ्या कुणाला ती कात्री लावू देत नसे.

माझे बाबा, आल्विन, तिच्या पाठचे. त्यांना चिडवायला ती फूल हातात धरून म्हणायची, "बघ, चार पाकळ्या कशा मोठ्या, लालभडक, पिवळ्या काठाच्या. आणि ही पाचवी, एवढीशी, नळीसारखी. हा तू."

"मध कुठे आहे ते पाखराला तीच पाकळी दाखवते," असं बाबा म्हणायचे.

लंडनहून आलेल्या पहिल्या पत्रात फुलाचीच तक्रार होती. बिया महिनाभर कुंडीत पडून होत्या, एकही उगवली नव्हती. बाबांनी उलट टपाली लिहिलं, "ताई, आपल्याकडे शेंग उन्हात तडकते, बिया अंगणभर उडतात, ऊन-पाऊस खाऊन त्यांचं कवच झिजतं. तू त्यांना रुमालात गुंडाळून राणीसारखं ठेवलंस. दगडावर घास, आतलं पांढरं दिसेपर्यंत. मग रात्रभर पाण्यात ठेव."

तिने दगडी पायरीवर बिया घासल्या. दोन उगवल्या, त्यातलं एक रोप जगलं.

त्या डिसेंबरातलं पत्र बाबांनी बायबलमध्ये जपून ठेवलं होतं. मी मोठी झाल्यावर वाचलं. आत्याने लिहिलं होतं, "आल्विन, रोप हातभर झालं. पिसासारखी पानं आली आहेत. पण इथे दुपारी साडेतीनलाच अंधारतं आणि पानं जोडीजोडीने मिटून घेतात. मी सकाळी निघते तेव्हा अंधार, परतते तेव्हा अंधार. मला ते फक्त रविवारी जागं दिसतं. रविवारी मी चर्चला जात नाही हे आईला सांगू नकोस."

आजीला कळलं. ती एवढंच म्हणाली, "जाऊ दे. तिला घरचं कुणीतरी भेटतंय."

झाड वाढलं, पण वर्षानुवर्षं कळी नाही. हिवाळ्यात निम्मी पानं गळायची. आत्याने लग्न केलं नाही. विचारणारा एक होता, पण त्याला कायमचं तिकडेच राहायचं होतं आणि हिला दर वर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी परत जाऊ. शहात्तर साली तिकडे कडक उन्हाळा पडला आणि शेंड्यावर कळ्यांचा तुरा आला. तिने कामावर आजारी असल्याचं कळवलं आणि खिडकीशी बसून राहिली. फुलं खालून वर एकेक उमलत गेली. दहा लांब लाल केसर काचेला टेकले. शेजारची आयरिश नोरा बघायला आली आणि म्हणाली, "काय गं, एवढ्यासाठी रडतेस?" एकही फूलपाखरू फिरकलं नाही. शेंग धरली नाही.

साठी झाल्यावर आत्या परत आली. कुंडी नोराला देऊन आली. बाबांनी तिच्यासाठी कुंपण मुद्दाम वाढू दिलं होतं. पहिल्या आठवड्यात तिने ते सरळ रेषेत कापलं आणि कात्री ठेवून दिली. गावात तिला इंग्लंडवाली म्हणू लागले. चार वाजता चहा लागायचा, उडत्या माशाच्या रश्शात मिरची जास्त वाटायची, आणि सारखं नोराचं काही ना काही निघायचं.

बाबा वैतागले. "तिकडे असताना इथलं, इथे आल्यावर तिकडलं. तुझं मन कुठल्या बोटीत ठेवलंयस तू?"

"दोन्ही बंदरांच्या मधे," आत्या म्हणाली. मग कुंपणाकडे बघून हळूच बोलली, "हा रोज उघडा असतो, आल्विन. मी त्याच्याकडे बघतच नाही. रविवारीसुद्धा नाही."

सात वर्षांनी नोरा जिन्यावरून पडली. आत्या पंधरा दिवसांसाठी गेली आणि राहिली. ती येईल म्हणून बाबा विमानतळावर दोनदा फेरी मारून आले. तिसऱ्या खेपेला ती नाही, तिचं पत्र आलं, "रागावू नकोस. तिला उठवून बसवायला कुणी नाही." बाबांनी पत्र वाचलं आणि नीरफणस सोलायला घेतला. म्हणाले, "माझ्या वाट्याला ती कधी पुरती आलीच नाही."

पाच वर्षांनी आत्या तिकडेच वारली. बाबांना प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून मी गेले. नोरा तोवर काठी घेऊन चालत होती. तिने आत्याचा लोकरीचा कोट माझ्या हातात दिला.

आमच्याकडे तो घालायला थंडी कुठली. तरी बाबा दर महिन्याला तो पायरीच्या कठड्यावर उन्हात टाकतात आणि संध्याकाळी बाह्या झटकून आत नेतात.