वेलानं धरलेले दगड

चाकणजवळच्या आमच्या शेतातले वेचलेले दगड बांधावर टाकलेले असत, आणि पावसाळ्यात त्यांच्यावर भोपळ्याचा वेल पसरे. ताई म्हणायची, हे आभाळात तरंगणारे लघुग्रह आहेत. या एवढ्या मोठ्या वेलानं धरून ठेवलेत, नाहीतर कधीच पांगले असते. मग आम्ही वेलावरून बोट फिरवत एका जगातून दुसऱ्या जगात जायचो. कोवळ्या भोपळ्याकडे सरळ बोट केलं की तो सडतो, असं आईनं बजावलं होतं. म्हणून तो दाखवताना बोट दुमडायचं.

आता तिथं पत्र्याचं गोदाम आहे. एक दगड ठेवला नाही मेल्यांनी.

परवा वाकडला ताईकडे गेले होते. तिच्या बाराव्या मजल्यावरच्या गॅलरीतून तिनं लांबचे दिवे दाखवले.

“आपलं शेत तिकडं,” ती म्हणाली.

तिचं बोट दुमडलेलं होतं.