सिस्टरबाईंचा पंधरा मिनिटांचा चहा

सिस्टरबाई बाळंतिणीच्या घरात शिरल्या की आधी सासूला चुलीकडे पिटाळत. "चाय मांडा मावशी. अद्रक कुटून, चांगली उकळू द्या. मले घाई नाही." आमचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं आणि आम्हाला अड्याळकडच्या नव्या वसाहतीत आणून बसवलं. तिथे ही नर्स भलतीच चहाबाज म्हणून प्रसिद्ध होती.

खरं तर चहाने त्यांना पित्त व्हायचं. आलेला कप त्या गुपचूप जास्वंदीला घालत. चहा उकळेपर्यंत त्यांना बाळंतिणीला एकटीला विचारायचं असे: झोप लागते का, रडू येतं का, जीव नकोसा होतो का. "सासू समोर असली की सारे जवाब तिचेच, अन् सारे चांगले," असं त्या म्हणत.

माझी लेक तेव्हा महिन्याची होती. मला झोप नव्हती, रडूही येत नव्हतं. कुशीतलं बाळ शेजारणीचं वाटे. उठावं आणि बुडालेल्या घराकडे पाण्यात चालत जावं, एवढंच मनात घोळे. हे मी कुणाला सांगणार?

आमच्या सासूबाई वस्ताद. त्यांनी सिस्टरबाईंचा यायचा वार हेरून चहा आधीच थर्मासात भरून ठेवला आणि माझ्या शेजारी फतकल मारली. "विचारा, काय विचारता ते." सिस्टरबाई क्षणभर गडबडल्या. मग म्हणाल्या, "मावशी, शिंगाडे उकडता का जरा?"

"शिंगाडे कुठून आणू? इथं आपल्या गावासारखा तलाव हाये का?" एवढं बोलून सासूबाई पदराने डोळे पुसू लागल्या. सिस्टरबाईंनी पहिला प्रश्न त्यांनाच विचारला, "मावशी, तुमाले झोप लागते का?"

"कायची झोप! जुन्या गावी निंगून जावंसं वाटते."

"मलेही," माझ्या तोंडून निघालं. "पाण्यात जावंसं वाटते."

सासूबाईंनी मला असं घट्ट धरलं की दंडावर वळ उठले.

दुसऱ्याच दिवशी सिस्टरबाई आम्हाला भंडाऱ्याला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. बसमध्ये सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "सून डोळे दाखवाले चालली." डॉक्टरांपुढेही माझे जवाब त्याच देऊ लागल्या, तेव्हा सिस्टरबाईंनी त्यांना हाताला धरून बाहेर बसवलं.

बरं वाटायला सहा-सात महिने लागले. पुढे सिस्टरबाईंची लाखनीला बदली झाली. निरोपाला आल्या तेव्हा मी त्यांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले. त्या दचकल्या आणि माझा चेहरा निरखू लागल्या.

"भेऊ नका बाई," सासूबाई म्हणाल्या, "आता तिले रडता येते."