ज्वालिनी धुरानं गेली, त्याची खरी हकीकत

आमच्या सुनेचा जीव माझ्यामुळे गेला. सध्या ती आत पोहे करते आहे, तेवढ्यात लिहून घेतो.

सून म्हणजे सोनल. दर रविवारी दुपारी अमरावतीच्या आमच्या घरी ती आणि तिच्या दोन मैत्रिणी टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात. आमचा मुलगा नितीन गोष्ट रचत जातो, बाकीच्या त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि अडलं की फासे टाकतात. सोनल त्यात ज्वालिनी नावाची जादूगारीण होती. तीन वर्षं खपून तिनं ज्वालिनीला मोठं केलं होतं. (आमचा नितीन एवढ्या काळजीनं वाढवला गेला नव्हता.)

मी आपला कोपऱ्यात पेपर वाचत असे. पण त्या रविवारी ज्वालिनीची टोळी शत्रूपासून लपायला राजाच्या कापसाच्या गोदामात शिरली, आणि माझा पेपर खाली आला. माझा जन्म अकोटच्या जिनिंगमध्ये, कापसाच्या गाठी बांधण्यात गेला आहे.

"शत्रूच्या जादूगारानं आगीचा गोळा फेकला," नितीन म्हणाला. "साऱ्या गाठी भडकल्या. तुमी तिघी खाक!"

"काहून?" मी विचारलं.

"काहून म्हणजे? आग हाय, बाबा!"

"प्रेस केलेली गाठ अशी भडकत नाही. दाबून दाबून आत हवाच उरत नाही. वरचं बारदान जळंल, कापूस काळा पडंल. खाक कशी होईल?"

"बाबा, जादूची आग हाय ते!"

"आग जादूची असंल. गाठ तं कापसाचीच हाय ना?"

नितीननं तिघींना जिवंत ठेवलं. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. "बाबा, तुमी तं जीव वाचवला माझा!" म्हणत सोनलनं मला दुसरा चहा दिला. (डॉक्टरांनी एकच सांगितला आहे.) मग तिघींनी जाहीर केलं, की आजची रात्र आपण दारं लावून याच गाठींवर झोपणार.

इथं मी पेपर उचलायला हवा होता. पण नितीन पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला, तसा मीही मागोमाग गेलो. माहिती अर्धवट सांगितलेली मला खपत नाही.

"बाकी एक हाय," मी म्हणालो. "गाठ विझलेली दिसते, पण आतून धुमसत राह्यते. आमी अशी गाठ गोदामात ठेवतच नव्हतो, बाहेर मैदानात ओढून फोडत होतो. बंद गोदामात कोणी झोपलं तं धुरानंच जाईल."

नितीननं माझ्याकडे इतक्या आदरानं कधीच पाहिलं नव्हतं.

टेबलाशी परत येऊन तो म्हणाला, "सकाळ झाली. कोणीच उठलं नाही."

सोनल उभी राहिली. "धुराचं तुले कोणी सांगतलं?"

नितीननं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. पोरगं गुणी आहे! म्हणालं, "मलेच सुचलं."

त्या दिवसापासून सोनल नवऱ्याशी बोलेना. त्याच्या डब्यात रोज दुधी जाऊ लागला. मला मात्र पुरणपोळी! "बाबानं वाचवलं होतं मले," ती येईल त्याला सांगे, "यानं मारलं." मी मान खाली घालून तूप वाढून घेत असे.

शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी मला गाठलं. "अवो, मी तवा तिथंच कांदा चिरून राहिली होती. तुमी सांगता का मी सांगू?"

मी सांगितलं. पोळी संपवूनच सांगितलं.

सोनलनं तुपाची वाटी माझ्यापुढून उचलली. मग म्हणाली, "बाबा, धुरानं मेली म्हणजे जळाली तं नाही ना?"

"नाही. अंग शाबूत राह्यते."

"अंग शाबूत असलं तं मंत्रानं जिवंत करता येते! नितीन, ऊठ, फासे आण!" ती नवऱ्याशी बोलली. दुधी माझ्या ताटात आला.

ज्वालिनी उठली, तिच्या दोघी सोबतिणीही उठल्या. मला शिक्षा म्हणून खेळात घेतलं आणि एक साधू दिला. साधू मुका आहे.

परवाच्या रविवारी आम्ही राजाचा हत्ती घेऊन बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या पुलावर होतो. शत्रूनं जादूनं पूल लालबुंद तापवला. ज्वालिनीनं नवा मंत्र शिकून त्यावर बर्फ ओतला, आणि पूल गार झाला. तापलेल्या बीडावर बर्फ! मी हात वर केला.

"बाबा," सोनल म्हणाली, "तुमी मुके हा."

हात खाली घेतला. सगळे हत्तीसकट सुखरूप पार झाले.

नोंद राहावी म्हणून लिहितो : तो पूल तडकायलाच हवा होता. माझ्या हिशेबानं मी परवापासून मेलेलो आहे. घरात कोणाला सांगायची सोय नाही.