तोललं की देवाचं

जुन्नर सोडलं तेव्हा लख्ख ऊन होतं. घोडेगावला चहा झाला, डिंभे धरणाचं पाणी मागे पडलं आणि चढावर धुक्याने रस्ताच गिळला. नवजात बाळं दगावू नयेत, असं साऱ्या जगाने ठरवलं आहे. आपल्या डोंगरात ते कुठवर आलं, हे मोजायला मी निघाले होते. एवढ्या मोठ्या कामाला सामान काय, तर गाडीत मागे ठेवलेला एक वजनकाटा! माझं मलाच हसू आलं.

आहुप्यात देवराईला लागून सखूबाईंचं घर. त्यांनी बसायला पाट दिला, नाचणीची भाकरी आणि कुर्डू (पावसाळ्यातली रानभाजी) वाढली. सून सुनंदा दाराआड उभी होती.

"घरात तान्हं बाळ आहे का?" मी विचारलं.

"न्हाई बाई. मी आन् सून. ल्योक मंचरला कामाला."

तेवढ्यात आतून बारीक रडणं ऐकू आलं. सखूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रायीतलं पाखरू हाय."

पाखरू पुन्हा रडलं आणि मध्येच थांबलं. ते थांबणं मला सोसवेना. मघाशी गाडीतून आणून ओसरीवर ठेवलेल्या काट्यावर कुणी नव्हतं, तरी आकडे उमटत होते, विझत होते. दमट हवेत होतं तसं; तरी मी उठून तो बंद केला.

सुनंदाने बाळ बाहेर आणलं. तळपाय गार, ओठांत चोखायचीही ताकद नाही.

"ह्याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं," मी म्हटलं.

"तितं आदी तोलत्यात," सखूबाई म्हणाल्या. "आमच्या घरात देवाचा गूळ तोलून वाहत्यात. तोललं की देवाचं, मग माघारी आनायचं न्हाई. आदली दोन लेकरं तोलली. दोनी गेली."

"ती अशक्त होती म्हणून गेली हो, काट्याने नाही."

त्यांनी मान डोलावली, पाहुण्यांचं मन राखायला डोलावतात तशी.

मग सुनंदा पुढे आली. "ताई, मला तोला. ह्यो माझ्या छातीशी ऱ्हाईल. देवाला काय न्यायचं ते माझ्यातनं न्यावं."

ती बाळासकट काट्यावर चढली. मग बाळ सासूकडे देऊन एकटी चढली. मी मनातल्या मनात वजाबाकी केली. उत्तर मोठ्याने सांगवेना.

"निघायचं," एवढंच म्हणाले.

"तितंबी असंच तोलतील?" सखूबाईंनी विचारलं.

"मी सांगेन त्यांना."

उतरताना बाळ सुनंदाच्या पदराआड, छातीला चिकटलेलं. त्याचा आवाज थांबला की गाडीत कुणी श्वास घेत नव्हतं. दवाखान्यात त्याला तसंच, आईसकट तोललं.

बाळ वाचलं. पुण्यात परतल्यावर बैठकीत मी ते सांगितलं तेव्हा सगळे खूश झाले, मीही.

काल सुनंदाचा फोन आला. "ताई, बाळ लई वाढलंय. हातात ठरत न्हाई." मग म्हणाली, "बांगड्या पार कोपरापातुर सरकत्यात. सासूबाई म्हनत्यात, देवानं न्यायला सुरवात केली."

बाळाचं वजन निघाल्यावर तिचा आकडा आम्ही टाकून दिला होता. आमच्या साऱ्या मोजमापात तो कुणी मागितलाच नव्हता. अंगावर पाजणारी बाई पोटभर खात नसेल, दुखणंही असेल, असं मी स्वतःला बजावते आहे. काटा पुन्हा गाडीत ठेवलाय, सोबत डॉक्टरीणबाई येताहेत. या वेळी तिला एकटीलाच तोलायचं आहे, आणि खरं सांगते, मला त्या काट्याची भीती वाटते.