पाय कुठे ठेवायचा

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. माझा प्रवेश अर्ज सरांनीच भरला. त्याआधी त्यांनी मला फलकलेखन शिकवलं. रंगीत खडू पाण्यात बुडवून शाळेच्या दर्शनी फळ्यावर चित्र काढायचं आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच हातानं पुसायचं. पुसताना माझे डोळे भरून यायचे. सर म्हणायचे, "पूस रे. फळा उद्याही लागणार आहे."

गेल्या हिवाळ्यात मी फरीदाबादच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात लागलो. सहा महिने उमेदवारी, काम पटलं तर कायम. विभागात आम्ही तिघंच: मी, पुण्याच्या एक ताई आणि हरियाणाचे सुपरवायझर, ज्यांना सगळे चाचा म्हणत. कामगार पिवळ्या रेषेनं आखलेली स्वतःची पायवाट सोडून माल वाहणाऱ्या फोर्कलिफ्टच्या रस्त्यातून चालत. पायवाटेवर चिकटवायचे छापील फलक यायचे होते, ते आलेच नाहीत. सोमवारी दुपारी मोठे साहेब पाहणीला येणार होते आणि त्याच आठवड्यात माझी उमेदवारी संपत होती.

"तुला चित्रं येतात ना? मग काढ की," ताई म्हणाल्या.

रविवारी आम्ही तिघं जमिनीवर बसलो. आधी खडूनं काढायचं, साहेबांना पटलं तर पक्का रंग द्यायचा, असं ठरलं. चाचांनी दोरी धरली, ताईंनी मापं घेतली आणि मी सगळं विसरून पायवाटभर वेली, पानं, कमळं काढली.

सोमवारी सकाळी पहिला कामगार पायवाटेपाशी आला, थबकला आणि सरळ फोर्कलिफ्टच्या रस्त्यात उतरला. बाकीचे त्याच्या मागोमाग.

"भैया, इधर से चलो!" मी ओरडलो.

"साहब, इस पर जूता कैसे रखें?"

चाचा पोट धरून हसले. "छोरे, तूने तो मंदिर बना दिया! अब बाहर चप्पल स्टँड भी लगवा दे!"

माझं तोंड उतरलं. ताई मात्र जमिनीकडेच बघत होत्या. "अरे, पिवळ्या रेषेला कुणी जुमानत नाही, पण यावर कुणी पाय ठेवत नाही. मग पाय पडायला नको तिथंच काढ ना!"

मी ओलं पोतं घेतलं आणि कमळांपासून सुरुवात केली. दुपारपर्यंत पायवाट कोरी झाली आणि तिच्या व फोर्कलिफ्टच्या रस्त्याच्या मधोमध हातभर रुंदीची वेल उभी राहिली. साहेब आले तेव्हा माणसं निमूटपणे कोऱ्या वाटेवरून चालली होती. साहेबांनी गंमत म्हणून वेलीवर ठेवायला पाय उचलला आणि तसाच मागे घेतला. "रंग लगवा लो," ते हसून म्हणाले.

शुक्रवारी माझा कागद हातात आला. त्याच संध्याकाळी मी पत्र टाकलं:

"आदरणीय सर, साष्टांग नमस्कार. मी कायम झालो. एक चित्र फार छान जमलं होतं, तुम्हाला आवडलं असतं. पण ते पुसावं लागलं. या वेळी डोळे भरले नाहीत. नव्या वेलीची दोन पानं चाचांनी रंगवली आहेत. ती कोबीसारखी दिसतात, पण तशीच ठेवली. दिवाळीच्या सुट्टीआधी गावी येतो. दर्शनी फळा माझ्यासाठी एक दिवस राखून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुसायलाही मीच येईन."