आबांनी न काढलेला रेझिस्टर

यंत्रातला कुठला पार्ट बसून खातोय हे नुसत्या बोटानं ओळखणारा माणूस अख्ख्या मावळात एकच: घोरावाडीच्या आमच्या वर्कशॉपातले आबा. मी औंढ्याच्या वरची, कड्याखालच्या वाडीतली. पावसाळाभर आई आम्हाला पायात चपला घालूनच जेवायला बसवायची. दरड आली तर शोधायला वेळ कुठला? त्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. वर्कशॉपात दरडीचा सेन्सर बनायचा. डोंगर जरा कलला की भोंगा वाजणार. पण वाड्यांना परवडेना. नको ते पार्ट काढून तो स्वस्त करायचं काम आबांकडे आणि माझ्याकडे आलं.

आबा सेन्सरच्या चालू बोर्डावर बोट फिरवत, “काय रं, ह्यो गेला तर रडशील का?” असं बोर्डालाच विचारत आणि पार्ट उपटत. बोर्ड मुकाट चालू राही. उपटलेले पार्ट काडेपेटीत निजवून त्यांच्यापुढे चहाचे दोन थेंब सांडत. “लय राबली बिचारी.” मग बोर्ड ओल्या गोणपाटात गुंडाळून लोणावळ्याच्या धुक्यात दोन-दोन दिवस बसून राहत. कुणी विचारलं तर म्हणत, “आयकतोय.” एक बारका रेझिस्टर मात्र काढू देईनात. मी काढून दाखवला, टेबलावर काही फरक पडला नाही. “ऱ्हाऊ दे पोरी. त्यो दाराशी बसलाय. उठवलास तर कुनीबी आत यील.” मला डिग्रीचा ताठा. आबा रजेवर गेले तेव्हा मी तो काढला आणि पहिला सेन्सर आमच्याच कड्यावर लावला.

भर दुपारी, पानही हलत नसताना, धुक्यात भोंगा वाजला. वाडी म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट शाळेत पळाली. डोंगर जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी धुकं आणखी दाट झालं आणि तो वाजतच राहिला, आत शिरून कुणी रडावं तसा. चौथ्यांदा कुणी उंबरा ओलांडला नाही. आई भाकरी थापत म्हणाली, “वरडू दे. तुझंच हाय न्हवं?” मी आबांना निरोप धाडला. उद्या खरंच दरड आली तर?

आबा आले, कडा चढले, रेझिस्टर परत बसवला. “टेबलावर धुकं नसतं, पोरी,” एवढंच बोलले. रेझिस्टर नसल्यानं मोकळ्या सुटलेल्या तारेच्या टोकाला दमट हवाच खोटा इशारा देत होती. भोंगा गप्प झाला. पण वाडीचा विश्वास कुठून आणायचा? मग आबांनी कड्याखालीच मुक्काम ठोकला. आठ दिवस दाट धुकं, भोंगा गप्प. लोक चहा घेऊन जाऊ लागले. “आबा, आता वाजला तर?” “तर म्या तुमच्या म्होरं पळनार. हाय का शर्यत?”

हिवाळ्यात आबा वारले. पुढच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी भोंगा वाजला आणि वाडी काही न विचारता उठली. आमचं घर दरडीखाली गेलं. शाळेत मी माणसं दोनदा मोजली. सगळी होती.